पेट्रोल की करंट, नवश्या?

नवश्या, त्या दिवशी तुझ्या दाराशी इतक्या गाड्या लागल्या होत्या, की मला माझी मोटरसायकल पार लांब हायवेच्या कडेला लावून चालत यावं लागलं. टेम्पो, जीपा, ट्रक, गुजरात पासिंगची एक स्कूलबससुद्धा. तुला अंगणात आणून ठेवलं होतं आणि हायवेवरून जाणारे ड्रायव्हर तुझ्या गॅरेजसमोर वेग कमी करून एकदा हॉर्न वाजवून पुढे जात होते. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. बायका रडत होत्या, तुझी जानी तुझ्या पायाशी बसली होती, आणि माझ्या मनात काय आलं असेल? मी गेल्यावर मसोलीत माझ्या गॅरेजसमोर कोण हॉर्न वाजवणार?

खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात दुखलं. तापाचं निमित्त करून तू निघून गेलास, त्याचं दुःख होतंच. अजून आहे. जेवताना मध्येच आठवतोस आणि घास फिरतो. पण त्या दुःखाच्या मांडीला मांडी लावून आपला जुना मत्सरही तिथं येऊन बसला होता आणि तो काही केल्या उठेना. जन्मभर तू माझ्या पुढे. मला वाटलं होतं, निदान मरायच्या रांगेत तरी माझा नंबर आधी असेल, वयानं मी मोठा. तिथेही तू ओव्हरटेक केलंस.

आपण दोघं डहाणू रोडला उस्तादांच्या गॅरेजात एकदमच लागलो. तू सायवनचा, पहिल्या दिवशी एस.टी. चुकली म्हणून निम्मी वाट चालत आलेला. मी मसोलीचा, सायकलवर टांग मारली की गॅरेजात. उस्तादांनी मला ब्रेकवर घातलं आणि तुला इंजिनावर. का, ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांच्या त्या गुजरातीमिश्रित मराठीत. ‘विनायकचा हात सारो छे. पण नवशाला कान आहे.’ चांगला हात काय, कुणालाही असतो. त्या दिवसापासून मी तुझ्या कानावर डूख धरून होतो.

उस्तादांचा तो लांब डिसमिस आठवतो ना? आपल्या गॅरेजात स्क्रूड्रायव्हरला दुसरं नावच नव्हतं. लाकडी मुठीचा, मूठ तेल पिऊन पिऊन काळी झालेली. त्याचं टोक चालत्या इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं. ‘सांभळ, सांभळ,’ उस्ताद म्हणायचे, आधी ऐक. मी ऐकायचो. मला इंजिन ऐकू यायचं. तू ऐकायचास आणि म्हणायचास, ‘तिसऱ्याचा व्हॉल्व्ह.’ आणि तिसऱ्याचाच व्हॉल्व्ह निघायचा! गॅरेज बंद करताना उस्तादांनी मला पान्यांचा अख्खा संच दिला, चांगला, परदेशी, अजून वापरतो. तुला दिला तो डिसमिस. माझ्या वाट्याला जास्त आलं असं सगळे म्हणाले. तू आणि मी मात्र एकमेकांकडे बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी आपल्याला दिली होती, ती दोघांना सारखी. त्यांचा नियम. गाडी मेस्त्रीकडे येईल, मेस्त्री गाडीच्या घरी जाणार नाही. घरी गेलं की मालक डोक्यावर उभा राहतो, हवा तो पाना नेमका गॅरेजात राहतो आणि चहा पिता पिता काम बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे तू तलासरीला हायवेवर शेड टाकलीस, मी मसोलीत बसलो, पण हा नियम दोघांनीही देवासारखा पाळला. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. ते सांगायलाच तर बसलोय.

२०१४ च्या हिवाळ्यात हंसाबेनची गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली. घोलवडला चिकूच्या कलमांची नर्सरी चालवणाऱ्या हंसाबेन, चष्मा साखळीनं गळ्यात, वडिलांची जुनी क्रीम रंगाची गाडी स्वतः चालवत आल्या. कार्बोरेटरवाली, पॉइंटवाली, कंपनीनं कधीच बंद केलेली. गेटातून आत येतानाच मला कळलं. चालता चालता मध्येच एक ठोका गळत होता. उचकी लागल्यासारखा झटका, मग चार पावलं नीट, मग पुन्हा झटका. मिसिंग.

‘हे बघ ने भाई,’ हंसाबेन म्हणाल्या, ‘सकाळी निघाली तेव्हापासून हेच चाललंय. माणसासारखी रुसते.’

मी बॉनेट उघडलं. प्लग काढले, साफ केले, पॉइंटची गॅप बघितली, कंडेन्सर बदलला, प्लगच्या वायरी नव्या टाकल्या. डिस्ट्रिब्यूटरची कॅप, म्हणजे जिथून चारही प्लगना करंट वाटला जातो ती काळी टोपी, तीही काढून पुसून उन्हात धरून बघितली. दिसायला ठणठणीत. दुपारपर्यंत गाडी अशी गुळगुळीत चालायला लागली की बंपरवर ठेवलेला चहाचा ग्लास हलेना. हंसाबेन खूश होऊन गेल्या. दोन दिवसांनी सकाळी परत आल्या. झटके मारत.

असं किती वेळा झालं विचारू नकोस. ती सकाळी उचक्या देत यायची, मी बॉनेट उघडून खटपट करायचो, दुपारी ती शहाणी व्हायची, आणि दुपारच्या फेऱ्यांना चार दिवस बरी चालून पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा रुसायची. मधूनच येणारं दुखणं सगळ्यात वाईट. एकदा पूर्ण बंद पडली असती तर मी तिच्या पाया पडलो असतो. पावसाळ्यात हंसाबेन तिला ताडपत्रीखाली झाकून ठेवत, तेवढे महिने मला झोप लागायची.

मग एकदा त्यांना कामासाठी तलासरीला जायचं होतं. त्या घरून आतल्या लांब रस्त्यानं निघाल्या आणि वाटेत गाडी झटके मारत होती म्हणून तुझ्याकडे थांबल्या. तू बॉनेट उघडलंस, डिसमिस कानाला लावलास, कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवलास. गाडी मस्त! जाताना मस्त, येताना मस्त. झालं. त्या दिवसापासून गाडीला काही झालं की हंसाबेन तलासरीची वाट धरू लागल्या. माझं गॅरेज जवळ, तुझं दुप्पट लांब, तरी तुझ्याकडे. मधूनअधून माझ्याकडे आल्या तर टोमणा मारायला. ‘विनायकभाई, तुझं नी हिचं काय वैर आहे का रे? नवशाने हात लावला की गाय होते. तुझ्या दारात आली की लाथा मारते.’

ही गोष्ट त्यांनी घोलवडात सांगितली, बोर्डीत सांगितली, डहाणू स्टेशनसमोरच्या चहावाल्याला सांगितली. माझी गिऱ्हाइकं मला विचारायला लागली, की तलासरीच्या मेस्त्रीचा हात तुमच्याहून हलका आहे का हो? घरी माझी बायको भात वाढता वाढता म्हणाली, ‘एकदा नवशाभाऊंनाच विचारून घ्या ना.’ मी ताटावरून उठलो. आणि तू आमच्याकडे जेवायला आलास की तिनं बोंबील तळायचे, आणि तू दोन शब्दांत अख्ख्या घराला हसवायचंस, हे तर वेगळंच. माझ्या घरात माझ्यापेक्षा तुझी वाट जास्त बघितली जायची.

आपलं भांडण मात्र मला आवडायचं. तू बाजाराला डहाणूला यायचास, आपण चहा घ्यायचो आणि पहिला घोट जायच्या आत सुरू. तू म्हणायचास, ‘पेट्रोल नाय पोचत तिला, विन्या. कार्बोरेटरमदी कचरा हय.’

‘करंट तुटतोय,’ मी म्हणायचो. ‘पेट्रोलनं गाडी दम सोडते, असा झटका मारत नाही.’

‘मंग माझ्याकडं कशी बरी होते? मी करंटला हात नाय लावत.’

मी बशीत अजून चहा ओतायचो. तू हसायचास. ते हसणं वाईट नव्हतं हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

एकदा मी ठरवलं, आज याचा हात बघायचाच. हंसाबेन तलासरीला निघणार होत्या. मी सकाळीच घोलवड स्टेशनपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिथून त्यांच्या शेजारी बसलो. निघालो तेव्हा झटके होते. मी तोंड घट्ट मिटून खिडकीतून बघत राहिलो. घोलवडच्या वाड्या मागे पडल्या, रस्ता आत वळला, चढ लागला. बोलता बोलता कधी झटके थांबले ते माझ्याही लक्षात आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष तुझी चोरी कशी पकडायची यावर. तुझ्या शेडमध्ये पोचलो. तू मला बघून इतका खूश झालास की मला लाज वाटायला हवी होती. बॉनेट उघडलंस, डिसमिस कानाला लावलास. खूप वेळ ऐकलंस. मग स्क्रू जरासा फिरवलास आणि पुन्हा होता तिथे आणलास. मी बघितलं ते. पुन्हा होता तिथे!

‘झालं,’ तू म्हणालास.

‘काय झालं?’

‘बरी हय ती.’

हंसाबेन त्यांच्या कामाला गेल्या. तू मला घरी नेलंस. जानीनं तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली, तू शेजारच्या ताडाची ताडी आणलीस. पहिला पेला झाल्यावर तू म्हणालास, ‘विन्या, एक बोलू त्या गाडीचं?’ मला वाटलं आता तू मला शिकवणार. मी म्हणालो, ‘आज नको. आज जेवू दे.’ तू ‘बरं’ म्हणालास आणि माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकलीस. पुढे तो विषय तू परत काढला नाहीस आणि मी विचारला नाही. आज विचारतो. काय बोलणार होतास रे?

तू गेलास त्या दिवशी तुझ्या अंगणात मी काय केलं सांगू? जानीपाशी बसलो, दोन शब्द बोललो, आणि माझे डोळे शेडमधल्या फळीवर गेले. डिसमिस खिळ्याला टांगलेला होता. तू खाली, तो वर. मी त्याच्याकडे बघत राहिलो. जानीनं बघितलं मी कुठे बघतोय ते. मागितला असता तर तिनं दिलाही असता, पण मागायचा कशाला? तो मला तुझ्याकडून नको होता. उस्तादांकडून हवा होता, आणि ती वेळ गेली.

तुझा दहावा झाल्यावर हंसाबेनचा फोन आला. गाडी आता सुरूच होत नाही म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘आता तलासरी तर नाही ने. तू येशील का?’ मी नाही म्हणणार होतो. मेस्त्री गाडीच्या घरी जात नाही. पण त्यांच्या आवाजात तू होतास, आणि मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत हत्यारांची पिशवी घेऊन घोलवडला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या फाटकातून आत पाय टाकला.

आणि समोर काय बघतोय! हिरव्या जाळीचा मांडव. त्याखाली काळ्या पिशव्यांत चिकूची कलमं, ओळीनं. आणि त्या ओळींच्या शेवटी, कलमांच्याच पंगतीला बसवल्यासारखी, ती क्रीम रंगाची गाडी. ‘उन्हानं रंग उडतो ने,’ हंसाबेन म्हणाल्या, ‘म्हणून जाळीखालीच ठेवते. पप्पांची गाडी आहे.’ वरच्या पाइपांतून बारीक फवारा चालू होता. धुक्यासारखा. कलमांवर पडत होता, पानांवर थेंब जमत होते, आणि गाडीच्या बॉनेटवर, पुढच्या जाळीवर, जाळीतून आत. रोज सकाळी. पाऊस सोडून बारा महिने. यंदा त्यांनी फवारे वाढवले होते, एक पाइप तर बरोबर बॉनेटच्या वर.

नवश्या, मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो.

बॉनेट उघडलं. डिस्ट्रिब्यूटरची कॅप ओली गच्च. काढली, पुसली, आणि तिच्यावर तोंडाची वाफ सोडली. कोरडी असताना जे उन्हातही दिसलं नव्हतं ते वाफेत उमटलं. आतून, केसाएवढी एक चीर. दमट झाली की करंट प्लगकडे जायचा तो त्या चिरेतून निसटायचा. कोरडी झाली की सगळं जिथल्या तिथे. मी हंसाबेनना फवारे बंद करायला सांगितले, कॅप फडक्यानं कोरडी करून बसवली. चावी मारली. गुळगुळीत. कलमांवर औषध मारायची फवाऱ्याची बाटली त्यांच्याकडून मागून घेतली आणि कॅपवर बारीक फवारा मारला. झटका. पुसली, गुळगुळीत. फवारा, झटका. लहान पोराला खेळणं सापडावं तसा मी ते करत राहिलो.

सगळं लख्ख झालं. घोलवडहून माझं गॅरेज जवळ. तेवढ्यात ती कॅप वाळत नव्हती, म्हणून माझ्या दारात लाथा. मी बॉनेट उघडून ठेवलं की ऊन-वारा तिला वाळवायचे आणि मला वाटायचं माझं काम लागू पडलं. तुझ्याकडे येईपर्यंत लांबचा रस्ता, तापलेलं इंजिन, कॅप खणखणीत कोरडी. तुझ्या हातानं काही केलं नव्हतं. रस्त्यानं केलं होतं. इतकी वर्षं मी एका रस्त्यावर जळत होतो रे! आणि उस्तादांचा नियम पाळून आपण दोघंही तिच्या घरी एकदाही गेलो नाही, नाहीतर पहिल्याच सकाळी कुणालाही दिसलं असतं.

करंट होता. मी बरोबर होतो. माझा हात खिशात गेला, फोन काढला, तुझं नाव लावलं. मग कळलं. हंसाबेन बघत होत्या, म्हणून मी फोन कानाला तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

‘म्हणजे नवशाने काही केलंच नव्हतं?’ हंसाबेननी विचारलं. बाई हुशार, त्यांच्या लगेच लक्षात आलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘तो तर नेहमी सांगायचा. बेन, मी नुसतं बॉनेट उघडतो. काम विन्याचंच हय, इथं येईपर्यंत लागू पडतं. मला वाटायचं मस्करी करतो.’

इथं येईपर्यंत! म्हणजे तुझ्या कानाला ऐकू आलं होतं. काय ते कळलं नसेल, पण वाटेत काहीतरी होतं एवढं कळलं होतं. तेच बोलणार होतास ना, ताडी पिताना? आणि मी जेवत बसलो. आणि वर हे, की माझ्या गिऱ्हाइकासमोर दर वेळी माझं नाव घेत होतास. मी डहाणूभर तुझ्या नावानं कुढत होतो तेव्हा तू तलासरीत मला मोठं करत होतास. मोठेपणातसुद्धा तूच पुढे. हे मात्र मला सहन होईना.

म्हणून मी म्हणालो, ‘केलं ना, बेन. आजारी पडायच्या आधी त्यानंच मला सांगितलं. म्हणाला, एकदा घोलवडला जा, ओल बघ. म्हणून तर आलो.’

साफ खोटं. हंसाबेननी डोळ्यांना पदर लावला. आता घोलवडपासून बोर्डीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, की नवशा मेस्त्री जाता जाता गाडीचं दुखणं सांगून गेला. स्टेशनसमोरच्या चहावाल्यानं परवा मलाच ती गोष्ट सांगितली, हात जोडून. मी मान हलवली. पोटात दुखलं, पण चहा पूर्ण प्यायलो.

काल वापीला भंगारबाजारात जाऊन त्या गाडीची कॅप शोधून आणली. बिनचिरेची, आणि तिथेच बसवली. येताना हंसाबेनचीच गाडी होती माझ्याकडे. त्यांना म्हटलं होतं, लांबचा रस्ता द्यायचाय हिला, बघतो. तलासरी आली. तुझ्या शेडला कुलूप होतं. मी गाडी समोर उभी केली, इंजिन चालू ठेवलं, काच खाली घेतली आणि कुणी आसपास नाही बघून मोठ्यानं सांगितलं, जे मी जगाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. करंट होता, नवश्या. पेट्रोल नव्हतं. तू हरलास.

मग खिडकीतून मान बाहेर काढली. तू हसून काहीतरी उलट बोलशील अशी सवय होती. इंजिन एकाही ठोक्याला न चुकता चालत राहिलं.

एक ट्रक मागून आला, वेग कमी करून हॉर्न वाजवून गेला. एकदाच. सगळे एकदाच वाजवतात. मी गिअर टाकला आणि दोनदा वाजवला.